एम्मा वाईट असेल तर मग मी कोण?

प्रश्न : ताई नमस्कार, तुमचं सदर नेहमी वाचते पण लिहायचं धाडस आत्ता केलं, थोडं मागेपुढे झालं तर समजून घ्या. मी सिंहगड रोडला राहते, वय ३४, मुलगी साडेतीन वर्षांची. आधी हिंजवडीला जॉब होता, मुलगी झाल्यावर सोडला, सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, कुणी जबरदस्ती केली असं अजिबात नाही. नवरा चांगला आहे. हे मुद्दाम आधीच लिहिते कारण कुणाशी बोलायला गेलं की पहिला प्रश्न तोच येतो, तो त्रास देतो का. नाही देत. पीत नाही, आवाज चढवत नाही, रविवारी मुलीला पु. ल. देशपांडे उद्यानात घेऊन जातो. आणि तरी संध्याकाळी घरी येऊन राजाराम पुलाला किती वेळ अडकलो, कुणाचं प्रमोशन झालं, भाजी बरी होती हे तो बोलायला लागला की मला उठून कुठेतरी निघून जावंसं वाटतं. कुठे ते माहीत नाही.

सोसायटीतल्या आम्ही काही जणी महिन्यातून एकदा क्लबहाऊसमध्ये जमून एखाद्या पुस्तकावर बोलतो. यावेळी 'मादाम बोव्हारी' होतं, फ्लोबेर या फ्रेंच लेखकाची कादंबरी, संसाराला कंटाळलेल्या एम्मा नावाच्या डॉक्टरच्या बायकोची गोष्ट. मी रात्री मुलगी झोपली की किचनमधला छोटा लाईट लावून वाचायचे. त्यात एम्मा पॅरिसचा नकाशा विकत आणते आणि त्यावर बोट फिरवत घरबसल्या पॅरिसभर हिंडते, तिथे मला पुढे वाचवेना, कारण मी रोज दुपारी हेच करते, फोनवर लोकांची घरं, लोकांच्या ट्रिपा, कुठल्यातरी लांबच्या गावातली कॅफे बघत बसते आणि मनानं तिथलीच होऊन जाते. हे माझं एकटीचंच नाही असं पहिल्यांदा वाटलं.

मीटिंगला गेले तर सगळ्यांचं एकच. स्वार्थी बाई, सगळं असून रडणारी, आई म्हणायच्या लायकीची नाही, नवरा बिचारा देवमाणूस. एक जण म्हणाली हिला चार घरची धुणीभांडी करायला लावली असती ना, सगळी खुळं उतरली असती. सगळ्या हसल्या, मीपण हसले आणि घरी येऊन बाथरूममध्ये रडले.

आता खरं लिहिते. माझं बाहेर कुणाशी काही नाही, मनातही नाही. पण मी ऑनलाईन खूप खरेदी करते, कुर्ते, पडदे, दिवे, सिरॅमिकचे कप, पार्सल तो यायच्या आत उघडून कपाटात टाकते आणि खोकी लगेच कचऱ्यात. क्रेडिट कार्डाचं बिल आता फक्त मिनिमम भरतेय आणि तेवढं भरायलासुद्धा एका अ‍ॅपवरून लोन घेतलंय, नवऱ्याला यातलं काहीही माहीत नाही. आणि परवा मुलगी सारखी पायात येत होती तर मी तिला कोपरानं ढकललं, ती ट्रॉलीवर आपटली. फार लागलं नाही, पण मी सगळ्यांना पळताना पडली म्हणून सांगितलं. पुस्तकातलं ते पान मी त्यानंतर वाचलं आणि माझे हातपाय गार पडले, एम्मा अगदी हेच करते आणि हेच खोटं बोलते.

एम्मा वाईट असेल तर मग मी कोण? आणि मला ती आवडली, तिच्या बाजूनं बोलावंसं वाटत होतं, हे चुकीचं आहे का?

— एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : तुला तू म्हणते, मोठ्या बहिणीच्या नात्यानं. आणि आधी ते धुणीभांड्यांचं घेते, कारण ते ऐकून तू रडलीस. ते मत तुझ्या मैत्रिणीच्या आधी खुद्द कादंबरीतच आलंय, एम्माची सासू तेच बोलते. दुसऱ्या भागात एम्मा खंगत चाललेली असते, नवरा शार्ल घाबरून आईला बोलावून घेतो, आणि तिचं म्हणणं काय तर हिला अंगमेहनतीचं काम लावा, चार बायकांसारखं पोटासाठी राबायला लागलं असतं तर हे असलं काही सुचलंच नसतं. वर हिचं कादंबऱ्या वाचणं बंद करा. नुसतं म्हणून थांबत नाही, रूआं शहरावरून जाताना तिथल्या वाचनालयात जाऊन एम्माची वर्गणी बंद करायचं काम ती स्वतःच्या अंगावर घेते. म्हणजे तुमच्या क्लबहाऊसमध्ये बसून सगळ्या जणी एम्माकडे तिच्या सासूच्या जागेवरून बघत होत्या, आणि तू एकटी तिच्या शेजारी बसून बघत होतीस, बाकी काही झालेलं नाही.

फ्लोबेरनं हे मत मुद्दाम सासूच्या तोंडी दिलंय, स्वतः तो तसं कुठेच म्हणत नाही, आणि या पुस्तकावरून त्याला कोर्टात उभं राहावं लागलं हे तुमच्या ग्रुपमध्ये कुणी सांगितलं का? १८५१ ते १८५६ अशी जवळजवळ पाच वर्षं तो हे पुस्तक लिहीत होता, १८५६ च्या अखेरीला ते पॅरिसच्या एका नियतकालिकातून क्रमशः आलं आणि १८५७ च्या जानेवारीत लेखक, संपादक आणि मुद्रक तिघांवर खटला उभा राहिला, सार्वजनिक नीतीचा आणि धर्माचा अपमान केला म्हणून. सरकारी वकील पिनार, त्याचा एक मोठा आक्षेप असा की या बाईला दोषी ठरवू शकेल असं एकही माणूस या अख्ख्या पुस्तकात नाही. नवरा ठरवत नाही, पाद्री ठरवत नाही, लेखक तर नाहीच नाही. ७ फेब्रुवारीला सगळे सुटले, कोर्टानं कानउघाडणी केली ती वेगळी. पण बघ ना, पुस्तकाचा गुन्हा काय तर निवाडा दिला नाही. आणि तेव्हापासून ती रिकामी जागा भरून काढायला वाचक आपणहून पुढे येतात.

आता तुझा प्रश्न. ती आवडली यात चुकीचं काहीही नाही. पण मी तुला असंही सांगणार नाही की एम्मा निर्दोष आहे आणि बाकीच्यांना पुस्तक कळलं नाही, कारण तसं सांगितलं तर तुझं समाधान होणार नाही, तुला माहितीय ती काय काय करते ते. ती खोटं बोलते, ज्याला परवडत नाही त्याच्या नावावर कर्ज करते, पोरीला ढकलते. मला म्हणायचंय ते एवढंच की एखादीत स्वतःला ओळखायला आधी तिला निर्दोष सिद्ध करावं लागत नाही. तू तिला ओळखलंस ती तिच्या चुकांच्या आधीच्या जागी, त्या नकाशावर बोट फिरवणाऱ्या जागी, आणि तिथे ती खरीच आहे. चुका नंतर आल्या. तुझ्या मैत्रिणींनी चुकांपासून मागे वाचलं, तू सुरुवातीपासून पुढे वाचलंस.

आपल्याकडे हे अवघड जातं याचं कारण मला वाटतं आपल्याला सोसणाऱ्या नायिकेची सवय आहे. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' मधली यमू घे, ते १८९० पासून इथे पुण्यात 'करमणूक' मधून क्रमशः यायला लागलं, यमू स्वतःच आपली कहाणी सांगते आणि आजही वाचताना रडू येतं. यमूला आपलं म्हणायला कुणालाच भीती वाटत नाही कारण यमूनं कुणाचं काही वाईट केलेलं नाही, जे झालं ते तिच्यावर झालं. एम्मा करते. आणि करणाऱ्या बाईला आपलं म्हटलं की लोक आपल्याकडे बघायला लागतात, तू पण का? तू मीटिंगमध्ये हसलीस ते याच भीतीनं, आणि मला तुझा अजिबात राग येत नाही त्यासाठी. विभावरी शिरूरकरांनी १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' लिहिलं आणि १९३४ साली 'हिंदोळ्यावर', शिकलेल्या बायकांच्या मनातलं उघड लिहिलं तर एवढं वादळ उठलं की विचारू नकोस, आणि त्या नावामागे खरी बाई कोण हे तेव्हा लोकांना माहीतसुद्धा नव्हतं, हिंगण्याला कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या बाळूताई खरे म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. खोट्या नावाच्या आडूनच बोलता आलं ते.

त्याच्याही आधी ताराबाई शिंदे. १८८२ साली त्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' पुण्यात छापलं गेलं. निमित्त होतं सुरतेची विजयालक्ष्मी, तरुण विधवा, स्वतःचं मूल मारल्याबद्दल तिला फाशीची शिक्षा झाली होती, पुढे ती कमी झाली. त्या एका बाईवरून वर्तमानपत्रं सगळ्या बायकांच्या नीतीवर बोलायला लागली तेव्हा ताराबाई उठल्या. त्यांनी विजयालक्ष्मीनं काहीच केलं नाही असं म्हटलं नाही गं, त्यांनी विचारलं की जे दोष तुम्ही बायकांना लावता ते पुरुषांत नसतात का, आणि तिच्यावर ही वेळ आणली कुणी. मला एम्माबद्दल बोलताना हीच रीत बरोबर वाटते. चूक झाकायची नाही, पण त्या खोलीत अजून कोण कोण उभं होतं ते मोजायचं.

मग आता तुझं आणि तिचं जुळतं कुठे ते बघू, कारण सगळीकडे जुळत नाही.

त्या निघून जावंसं वाटण्याचं मला सगळ्यात कमी काळजीचं वाटतं. एम्माला जायला जागाच नव्हती, फ्रान्समध्ये १८१६ साली घटस्फोट बंद झाला तो परत आला १८८४ साली, म्हणजे ती जन्मली कधी मेली कधी, तिच्या अख्ख्या आयुष्यात तो रस्ता नव्हता. पोटात मूल असताना तिला मुलगा हवा असतो, का तर पुरुष निदान मोकळा असतो, आणि मुलगी झाली असं सांगितल्यावर ती तोंड फिरवते आणि बेशुद्ध पडते. ते वाचून तुमच्याकडे कुणीतरी नक्की म्हणालं असेल काय ही आई, पण ते मुलीला नाकारणं नाहीच, आपलंच आयुष्य परत एकदा पहिल्यापासून सुरू होताना दिसलं तिला. तुझं तसं नाही. तू कमावलेली बाई आहेस, रोज माणसांत काम करणारी, आणि आता दिवसभर एका साडेतीन वर्षांच्या मुलीशिवाय तुझ्याशी बोलायला कुणी नाही. ही उपासमार आहे, स्वार्थ नाही. मुलगी आता बालवाडीत जाईल, कामाचं बघायला लाग, अर्धवेळ बघ, घरून बघ, जुन्या टीममधल्या कुणाला तरी नुसता एक मेसेज कर. सगळ्यांनी मिळून ठरवलेलं सगळ्यांनी मिळून बदलता पण येतं.

पैशाचं मात्र मी हलकं घेणार नाही. बहुतेक लोकांना एम्मा आठवते ती तिच्या लफड्यांमुळे, पण नीट वाच, प्रियकर रोदोल्फ तिला सोडून जातो तेव्हा ती आजारी पडते पण उठते. तिला संपवलं ते लेरो नावाच्या कापडदुकानदारानं. तो कसा येतो आठव, घरी येतो, रुमाल ओढण्या पसरून दाखवतो, पैशाची घाई नाही म्हणतो, आपण सावकाश बघू. मग वचनचिठ्ठ्या, मग एका चिठ्ठीचे पैसे द्यायला दुसरी चिठ्ठी, मग तिला नवऱ्याचं मुखत्यारपत्र मिळवायला लावतो, मग मिळकत स्वस्तात विकली जाते, आणि शेवटी कागद येतो, चोवीस तासांत आठ हजार फ्रँक. त्या चोवीस तासांत ती दारोदार फिरते. दुसरा प्रियकर लेऑं, त्याच्याकडे काही नाही, वकील गियोमांला पैशाच्या बदल्यात तीच हवी असते, रोदोल्फ म्हणतो माझ्याकडे नाहीत. आणि शार्लला यातलं काही माहीत नसतं, जप्ती आली तेव्हा कळतं. तुझ्या फोनवरचं ते अ‍ॅप आणि लेरो यांच्यात मला काही फरक दिसत नाही, तोच गोडवा, घाई नाही, नंतर द्या.

म्हणून या आठवड्यात बसून एक कागद घे, कुणाचं किती आणि किती टक्क्यानं ते सगळं लिहून काढ. कार्डाचं मिनिमम भरून व्याज थांबत नाही, बऱ्याच कार्डांवर ते महिन्याला तीन-साडेतीन टक्के असतं, वर्षाचं चाळीसच्या आसपास जातं, आणि थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. बँकेला सांगून थकलेली सगळी रक्कम कमी व्याजाच्या ठरावीक हप्त्यांच्या कर्जात बदलून घेता येते, ते आधी विचार, अ‍ॅपचं लोन त्यातून फेडून टाक आणि अ‍ॅप काढून टाक. वसुलीवाले फोन करत असतील तर सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर त्यांनी फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, धमकावलं तर बँकेकडे लेखी तक्रार करायची. आणि तो कागद नवऱ्यासमोर ठेव. त्याला राग येईल, येऊ दे. शार्लला कुणी संधीच दिली नाही गं. तो कंटाळवाणा होता हे खरंच, पण तिच्या प्रियकरांची सगळी पत्रं सापडल्यावर, सगळं कळल्यावरसुद्धा तो रोदोल्फला म्हणतो की हा नशिबाचा दोष. निवाडा द्यायचा सगळ्यात जास्त हक्क ज्याचा, त्यानं दिला नाही. तुझा नवरा कसा आहे मला माहीत नाही, पण तूच लिहिलंयस की चांगला आहे, मग त्याला चांगलं असायची वेळ तरी येऊ दे.

हे मी एवढं ताणून का सांगतेय, तर बेर्तसाठी, एम्माच्या मुलीसाठी. आईबाप गेल्यावर घरातलं सगळं विकून उरले ते १२ फ्रँक ७५ सांतीम, ते पोरीला आजीकडे पोचवण्याच्या खर्चात गेले, आजीही त्याच वर्षी गेली आणि एका गरीब नातलग बाईनं तिला सूतगिरणीत कामाला घातलं. ही ती मुलगी. कर्ज एम्मानं केलं, फेडलं बेर्तनं.

आता ढकलण्याचं. ते पान परत काढ पण त्याच्या आधीची पानंही वाच, एकाच प्रकरणात आहे सगळं. एम्मा चर्चमध्ये जाते, पाद्र्याला सांगायला जाते की मला त्रास होतोय. तो म्हणतो हो हो, हवा बदलली ना, पोट बिघडलं असेल, चहा घ्या, आणि मध्येमध्ये दंगा करणाऱ्या पोरांवर ओरडतो. ती दोनतीनदा प्रयत्न करते आणि परत येते. घरी येऊन बसते, बेर्त तिच्या एप्रनची नाडी धरून जवळ यायला बघते, आणि मग तो कोपर लागतो. पोरीच्या गालाला लागतं, एम्मा स्वतःला शिव्या देते, धावाधाव करते आणि शार्लला सांगते खेळताना पडली. मदत मागायला गेली, कुणी ऐकलं नाही, आणि जो सगळ्यात लहान त्याच्यावर निघालं. यानं पोरीचं लागणं कमी होत नाही. तुझ्या मुलीचंही नाही, आणि तिला जवळ घेऊन तू सांगायला हवंस की मी ढकललं, माझं चुकलं, एवढ्या मुलांना ते कळतं. पण तू एम्माच्या पुढे एक पाऊल आहेस, तू लिहिलंस. ते पुढे ने. साडेतीन वर्षं झोप, चिडचिड, रडू, हे असंच चाललं असेल तर तो स्वभाव नाही, ते दुखणं असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना सांग, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, आणि जायला धीर होत नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. आणि अजून एक, तू पुस्तकाच्या शेवटाबद्दल, एम्मा जीव देते त्याबद्दल, एक अक्षर लिहिलं नाहीस म्हणून स्पष्टच विचारते, तुझ्या मनात स्वतःला संपवायचं येतं का? येत असेल तर आजच नवऱ्याला सांग आणि आजच तो नंबर लाव, कर्जाचं सगळं नंतर.

तुझ्यात आणि तिच्यात सगळ्यात मोठा फरक मला दिसतो तो हा की अख्ख्या कादंबरीत एम्माला एक मैत्रीण नाही. शेजारीण आहे, मोलकरीण आहे, सासू आहे, मैत्रीण एकसुद्धा नाही. तुझ्याकडे महिन्यातून एकदा भेटणाऱ्या इतक्या जणी आहेत आणि त्या हसल्या म्हणून तू त्यांना सोडू नकोस. पुढच्या वेळी स्वतःबद्दल काही सांगायची गरज नाही, फक्त ते सासूचं पान मोठ्यानं वाचून दाखव आणि पाद्र्याचं. मला तर वाटतं तुझ्यासारखी अजून कुणीतरी त्या दिवशी घरी जाऊन रडली असेल. आणि नवऱ्याशी बोललीस की मला दोन ओळी नक्की लिही, वाट बघते.

प्रश्न : माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. हल्ली 'अ‍ॅना कॅरेनिना' वाचतेय आणि जेवताना म्हणाली, बाबा, मला अ‍ॅनाच बरोबर वाटते. मी पुस्तक वाचलेलं नाही पण गोष्ट माहीत आहे, नवरा आणि मूल सोडून गेलेली बाई. अशा पुस्तकांचा या वयात परिणाम होतो का? काही बोलावं का?

— एक वडील, कोथरूड

उत्तर : बोला, पण पुस्तक वाचून बोला. जाड आहे, सुट्टी घालवावी लागेल, पण मुलगी जेवताना तुमच्याशी पुस्तकाबद्दल बोलते हे किती घरांत होतं सांगा. ते थांबेल असं काही करू नका.

गोष्ट माहीत असणं आणि हे पुस्तक माहीत असणं यात फार अंतर आहे. सुरुवात होते ती अ‍ॅनाच्या भावापासून, स्तिवा, त्याचं मुलांच्या गव्हर्नेसशी प्रकरण झालेलं असतं आणि बायको घर सोडायला निघालेली असते. तिची समजूत काढून ते घर कोण वाचवतं? अ‍ॅना. स्तिवाला सगळे माफ करतात, तो शेवटपर्यंत पार्ट्यांना जातो, लोकांचा लाडका असतो. बेत्सी नावाची बड्या घराण्यातली बाई लपूनछपून सगळं करते, तिच्याकडे अख्खं पीटर्सबर्ग जेवायला येतं. अ‍ॅना लपवत नाही, नवऱ्याला गाडीत तोंडावर सांगते, तर तिला नाट्यगृहात शेजारच्या बॉक्समधली बाई अपमान करून उठून जाते. मुलाला भेटायला त्याच्या वाढदिवशी चोरासारखं घरात शिरावं लागतं, आणलेली खेळणी द्यायची राहूनच जातात. तुमची मुलगी यातलं काहीतरी बघून बरोबर म्हणत असणार. घर सोडण्याला नाही, खरं बोलण्याला म्हणत असेल.

आणि ही कादंबरी लिहिणारा तोलस्तोय स्वतः कुठून निघाला ते बघा. पहिल्या खर्ड्यांमध्ये त्याची नायिका बरीच सवंग, न आवडणारी अशी होती आणि नवरा जास्त भला. लिहीत गेला तशी ती बदलत गेली. इतका धार्मिक, नीतीचं एवढं प्रस्थ असलेला माणूस, त्यालासुद्धा तिच्याजवळ जास्त दिवस राहिल्यावर तिचा तिरस्कार करता आला नाही. मुलीला विचारा की तुला कुठली अ‍ॅना बरोबर वाटते, आगगाडीतून परत येणारी, आजारपणात नवऱ्याची माफी मागणारी, की शेवटची, मॉर्फिन घेऊन झोपणारी आणि ज्याच्यासाठी घर सोडलं त्या व्रोन्स्कीवर संशय घेणारी. तिचं उत्तर ऐका, मध्ये बोलू नका. परिणाम होतो का विचारलंत तर हो, होतो, आणि तो व्हावा म्हणूनच आपण मुलांना वाचायला लावतो ना.

प्रश्न : मी एमए मराठीला आहे, शनिवार पेठेत पेइंग गेस्ट राहते. 'हिंदोळ्यावर' मधल्या अचलेवर असाइनमेंट लिहिताना मी लिहिलं की मला ती जवळची वाटली, कारण माझ्या मावशीला नवऱ्यानं टाकलंय आणि तिला कुणी दुसरं आयुष्य मागू देत नाही. सरांनी त्यावर लाल रेघ मारली, वैयक्तिक नको म्हणाले. समीक्षेत 'मी' नसतोच का?

— विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : असतो. पण सरांची रेघ पूर्ण चुकीची नाही. मावशीमुळे तुला अचलेत जे दिसलं ते इतरांना दिसलं नसेल, पण वाचणाऱ्याला ते कादंबरीतल्या ओळीत दाखवावं लागेल. मावशी तुला जागा दाखवते, पुरावा पुस्तकातून द्यायचा. म्हणजे असं बघ, अचला दुसऱ्या पुरुषाबरोबर राहायचं आणि आई व्हायचं ठरवते तेव्हा कादंबरी तिला कुठले युक्तिवाद करायला लावते, कुणासमोर करायला लावते, कुठे ती गप्प बसते. १९३४ साली हिंदू बाईला कायद्यानं काय करता येत होतं तेही बघ, आपल्याकडे मुंबई प्रांताचा घटस्फोटाचा कायदा आला १९४७ साली आणि देशभराचा हिंदू विवाह कायदा १९५५ साली, म्हणजे नवऱ्यानं टाकलेल्या अचलेला रीतसर मोकळं व्हायची सोयच नव्हती. मग ती जे करते त्याला बेजबाबदार म्हणायचं की दुसरं काय करता आलं असतं असं विचारायचं, हा तुझ्या असाइनमेंटचा मुद्दा होऊ शकतो.

मावशीचं वाक्य काढू नकोस, तिथून उचलून प्रस्तावनेत टाक, एकच वाक्य, आणि पुढची सगळी पानं अचलेची. मग सरांना परत दाखव. तेव्हाही रेघ मारली तर का मारली ते शांतपणे विचार, आणि मावशीला 'हिंदोळ्यावर' वाचायला दे, अप्पा बळवंत चौकात मिळालं नाही तर पुणे नगर वाचन मंदिरात विचारून बघ.